मोकळ्याच आहात ना?

परवा दुपारी साडेतीनला मी डाळिंब्या सोलायला बसले. कडवे वाल रात्रभर भिजवून फडक्यात बांधून ठेवले होते, मोड चांगले पेरभर आले होते. कोमट पाण्यात टाकले की सालं सैल होतात. मग एकेक दाणा चिमटीत धरून हलकेच दाबायचा, डाळिंबी सुळकन बाहेर येते. जरा जास्त जोर लागला की डाळ दुभंगते आणि मोड सालातच राहतो. पाव किलो वालांना मला पाऊण तास लागतो, कधी तासही. दादरला, पार्ल्याला सोललेल्या डाळिंब्या विकत मिळतात, हे मला ठाऊक आहे. तरी मी वालच आणते, कारण मला तो पाऊण तास हवा असतो.

तेवढ्यात फोन आला. "काय करताय?" म्हटलं, "डाळिंब्या सोलतेय." "म्हणजे मोकळ्याच आहात ना? मग जरा बँकेत जाऊन याल?"

फोन सुनेचा होता. कधी तो मुलाचा असतो, कधी नणंदेचा, कधी सोसायटीच्या सेक्रेटरींचा. माणसाप्रमाणे 'आहात'चं 'आहेस' होतं, बाकी वाक्य तेच. यातलं कुणीही वाईट नाही. सून तर गुणी आहे, माझ्या गुडघ्यांची माझ्यापेक्षा जास्त काळजी करते. तरीही या वाक्यात एक गोष्ट सगळ्यांनी मिळून गृहीत धरलेली आहे आणि तिच्याबद्दल मला आज स्पष्ट बोलायचं आहे. ती अशी, की निवृत्त माणसाचा वेळ म्हणजे गावची गायरान जमीन. मालक कुणीच नाही, ज्याला गरज लागेल त्यानं गुरं सोडावीत.

मला हे मान्य नाही. उतारवयातला मोकळा वेळ हा त्या माणसानं आयुष्यभर राबून कमावलेला असतो. तो कसा वापरायचा, किती हळू वापरायचा, हे ठरवण्याचा पहिला अधिकार त्याचाच. आणि हा प्रश्न घरातल्या घरात मिटवायचा नाही. तो महापालिकेचाही आहे, सरकारचाही आहे.

आधी माझाच हिशोब मांडते. एका सरकारी कार्यालयात ३६ वर्षं नोकरी केली. राज्य सरकारच्या नियमाप्रमाणे ५८ पूर्ण झाली त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी घरी आले. त्या ३६ वर्षांत सकाळची सात बावन्न आणि संध्याकाळची सहा अकरा या दोन गाड्यांच्या मध्ये माझं आयुष्य बसवलेलं होतं. लेडीज डब्यात मी मटार सोललेत, गवार मोडलीय, मेथी निवडलीय. चौथ्या सीटवर अर्धवट टेकून, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी धरून, सालं त्याच पिशवीच्या एका कोपऱ्यात कोंबत. मुंबईच्या लोकलनं प्रवास करणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. घरी गेल्यावर कुकर लावायला दहा मिनिटं वाचावीत म्हणून आम्ही तो तासही कामाला जुंपला होता.

आता मी डाळिंब्या सोलते तेव्हा हातांची हालचाल तीच असते. माझी आई कोकणात अकरा माणसांच्या घरात वाल सोलायची तेव्हाही तीच होती. पण तिच्या पाठीशी घड्याळ उभं असायचं. बाराला पानं वाढायची असायची आणि सासूबाई दोनदा आत डोकावून जायच्या. तिच्यासाठी ते काम होतं. माझ्यासाठी आज ते निवांतपण आहे, आणि फरक वालात नाही. तो वेळ कुणाच्या हुकमातला आहे, एवढाच फरक आहे. म्हणून "सोलतेय म्हणजे मोकळीच" हे मला टोचतं. मी मोकळी असते हे खरं. ते मोकळेपण मी त्या क्षणी वापरत असते, हे फोनवरच्या माणसाला दिसत नाही.

आपली भाषाही या बाबतीत दोन तोंडांनी बोलते. निरोप समारंभात शाल-श्रीफळ हातात देताना प्रत्येकानं विचारलं, "आता वेळ कसा घालवणार?" वेळ घालवायचा, काढायचा, मारून न्यायचा. जणू तो दारात आलेला नकोसा पाहुणा. पण याच भाषेत सवड आहे, उसंत आहे, निवांत आहे. आणि विसावा आहे. माउलींची पालखी आळंदीहून पंढरपूरला निघते तेव्हा वाटेत मुक्काम असतात तसे विसावेही असतात. पालखी थांबते, माणसं झाडाखाली टेकतात, भाकरी सोडतात, पाय चोळतात. विसाव्याची ठिकाणं ठरलेली असतात, त्यांच्या वेळा ठरलेल्या असतात. चालीइतकाच विसावाही वारीच्या आखणीत असतो, आणि म्हणूनच सत्तरीच्या म्हाताऱ्या डोक्यावर तुळस घेऊन दिवे घाट चढून जातात. विसावा घेणाऱ्याला तिथं कुणी आळशी म्हणत नाही.

हा हक्क फुकट मिळालेला नाही, हेही आपण महाराष्ट्रात तरी विसरू नये. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंड्यांनी बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन स्थापन केली आणि आठवड्याला एक दिवस विश्रांतीची मागणी लावून धरली. १८९० च्या एप्रिलमध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तिथं दोन कामगार बाया भाषणाला उभ्या राहिल्या. १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण रविवारी उशिरा उठतो, मटण शिजवतो, झोपतो, ते या माणसांमुळे. सभेत बोलणाऱ्या त्या दोघींचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. त्यांना रविवार मिळाला असेल, पण घरच्या चुलीपासून तो मिळाला का?

कारण बाई निवृत्त होते ती फक्त कचेरीतून. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभर पाहणी केली, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटांचा वेळ जातो, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांचा ९७ मिनिटांचा. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास. आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ माझ्याच वर्षी निवृत्त झाले. ते सकाळी फिरून येतात, पेपर वाचतात, दुपारी वामकुक्षी घेतात. त्यात मला काहीच वावगं वाटत नाही, उलट मनापासून बरं वाटतं. त्यांच्या पत्नी मात्र, ज्यांनी कधी नोकरी केली नाही, त्यांना निवृत्तीची तारीखच नाही. उलट नवरा दिवसभर घरी असल्यानं चहाची दोन आधणं वाढली, असं त्यांनीच मला जिन्यात सांगितलं. आपल्याकडे वानप्रस्थाची कल्पना होती. केस पिकले, नातवंडाचं तोंड पाहिलं, की संसारातून हळूहळू हात काढून घ्यायचा. कल्पना मला अजूनही सुंदर वाटते. पण किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या हाती दिला तरी पोळपाट-लाटणं सासूच्याच हाती राहिलेली घरं मी अनेक पाहिलीत.

नातवंडांचं सांभाळणं हा त्यातला सगळ्यात नाजूक विषय. परदेशी गेलेल्या मुलामुलींच्या घरी बाळ झालं की इथून आई जाते. अमेरिकेत पाहुणी म्हणून एका वेळी साधारण सहा महिने राहता येतं. म्हणून पहिले सहा महिने बाळाची आजी, पुढचे सहा महिने दुसरी आजी, अशी पाळी लागते. माझी एक मैत्रीण अशी तीनदा जाऊन आली. नातवाचं नाव काढलं की आजही तिच्या डोळ्यांत पाणी येतं, इतका जीव आहे. पण तिनं एकदा मला सांगितलं, "तिकीट काढून झाल्यावर मला कळवलं गं. तारीख विचारली असती तरी पुरे होतं." तिला जायचंच होतं. मुलांना विचारावंसं वाटलं नाही, एवढंच तिचं दुःख. मुलांच्या अडचणी मला कळतात. पाळणाघर परवडत नाही, बाळंतपणाची रजा संपते, आणि चांगली सरकारी पाळणाघरं जवळपास नाहीतच. पण पाळणाघरांची उणीव आजीच्या आयुष्यातून भरून काढायची, आणि त्याला आपली संस्कृती म्हणायचं, यात खरा प्रश्न झाकला जातो. नातवंडं सांभाळणं हा आनंदच आहे, पण तो मागून घ्यावा. आठवड्याचे दिवस ठरवावेत आणि उरलेले दिवस आजीचे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो मी हलक्यानं घेत नाही. "माणूस बसला की संपला." कामात राहावं, गुंतून राहावं, नाहीतर शरीर आणि डोकं दोन्ही गंजतात. यात तथ्य आहे. एकटेपणानं माणसं खचतात, हे मी जवळून पाहिलंय. निवृत्तीनंतरचे पहिले तीन महिने माझे वाईट गेले. पाचला जाग यायची आणि सातला दोन डबे भरून ओट्यावर तयार असायचे, न्यायला कुणी नाही. सात बावन्न झाले की छातीत धडधडायचं. मीही मग सगळे करतात ते केलं. योगवर्ग, भजनी मंडळ, मोबाइलवरचा संस्कृतचा वर्ग, ज्येष्ठ नागरिक संघाची सहल, सोसायटीची हिशोबतपासणी. सहा महिन्यांत मी पुन्हा घड्याळाकडे बघत जेवायला लागले होते. फक्त आता पगार नव्हता.

हे सगळं ज्यांना मनापासून हवं आहे त्यांनी जरूर करावं. माझा विरोध आहे तो त्यामागच्या धाकाला. साठी उलटली तरी उपयोगी असल्याचा पुरावा देत राहायचा, हा तो धाक. दर नोव्हेंबरात आम्हा निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, ते ठीक, ती सरकारची गरज. पण बाकीचे अकरा महिने शेजाऱ्यापाजाऱ्यांना, मुलांना आणि स्वतःलाही असाच दाखला का देत राहायचा? 'अजून किती काम करतात बघा या वयात' हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं कौतुक आहे. 'किती छान निवांत राहतात' असं कौतुकानं म्हटलेलं मी क्वचित ऐकलंय.

शिवाय हळू होणं आणि निपचित पडून राहणं यात फार अंतर आहे. हळू व्हायला मला शिकावं लागलं. योगवर्ग ठेवला, बाकीचं सोडलं. पहिल्यांदा ठरवलं ते इतकंच, की दुपारी दोन ते पाच कुठलंही काम ठरवायचं नाही. त्या उन्हाळ्यात एका दुपारी 'टुक्, टुक्, टुक्' असा एकसुरी आवाज यायला लागला. मला वाटलं कुठेतरी पत्र्याचं काम चाललंय. तीन दिवसांनी खिडकीशी बराच वेळ उभी राहिले तेव्हा समोरच्या पिंपळावर तो दिसला. हिरवा, चिमणीहून जरा थोराड, कपाळावर लाल टिळा, गळ्यापाशी पिवळं. तांबट. तांब्याची भांडी ठोकल्यासारखा आवाज म्हणून तांबट. आम्ही या घरात २२ वर्षं राहतोय. पिंपळ आमच्याआधीपासून आहे, तांबटही असणार. पण वैशाखातल्या कामाच्या दिवशी दुपारी अडीचला मी कधी घरीच नव्हते, आणि रविवारी कपड्यांच्या घड्या घालताना कान उघडे नव्हते. त्या दिवशी मी खिडकीत रडले. आनंदानं की हळहळीनं, ते आजही सांगता येणार नाही.

कुणी म्हणेल, हा पोट भरलेल्यांचा प्रश्न आहे. मला नियमित निवृत्तिवेतन मिळतं म्हणून तांबट दिसतो. हे खरंच आहे, आणि म्हणूनच हा सार्वजनिक प्रश्न आहे. माझ्याकडे धुणं-भांड्याला येणाऱ्या मावशी माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या आहेत. चार घरं करतात. माझ्याकडचं आटपलं की स्वयंपाकघरात भिंतीला टेकून, पाय लांब करून चहा पितात. बशीत ओतून, फुंकर मारत, अगदी सावकाश. त्या दहा मिनिटांत त्या फोन उचलत नाहीत. मी त्यांना कधी घाई करत नाही, पण त्यांच्या दिवसातला निवांत वेळ तेवढाच आहे, आणि माझ्या दुपारचा काही भाग त्यांच्या कष्टांवर उभा आहे, हे मला दिसतं. श्रावणबाळ योजनेतून राज्यात महिन्याला १५०० रुपये मिळतात. त्यासाठी वय ६५ हवं आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत. म्हणजे महिन्याला १७५० रुपये. चार घरची भांडी घासणारी बाई त्या रेषेच्या वर जाते आणि तिथंच तिची निवृत्ती संपते. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेतला वाटा तर ७९ वर्षांपर्यंत महिन्याला २०० रुपये आहे. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत किमान रक्कम २०१४ पासून हजार रुपयांवर थांबली आहे. साखर कारखान्यांत, सूतगिरण्यांत, एसटीत जन्म घालवलेली माणसं साडेसात हजार मागत वर्षानुवर्षं आंदोलनं करताहेत. ती ऐश करायला पैसे मागत नाहीत. साठीनंतर रखवालदाराची बारा तासांची रात्रपाळी करावी लागू नये, म्हणून मागतात. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या २४ व्या कलमात विश्रांती आणि फुरसत हा प्रत्येकाचा हक्क म्हटलेला आहे. निवृत्तिवेतनाकडे मी त्या कलमाचा खर्च म्हणून बघते.

सरकारनं मनावर घेतलं की काय होतं, हे एसटीत दिसलं. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत झाला. माझे ७८ वर्षांचे मामा त्यानंतर जेजुरीला, अक्कलकोटला, आणि एकदा तर नुसतेच कोल्हापूरला जाऊन रंकाळ्यावर बसून परत आले. काम काय होतं विचारलं तर म्हणाले, "काही नाही. पाणी बघितलं." मामी गेल्यावर हा माणूस आठ महिने घराबाहेर पडला नव्हता. उलट रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत, पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरच्या बायकांना ५० टक्के, मार्च २०२० मध्ये करोनाच्या निमित्तानं थांबवली, ती परत आलेली नाही. माझी ५८ भरली तेव्हा ती कधीच बंद झाली होती. तूट मोठी असेल, पण निदान झोपायच्या साध्या डब्यापुरती ती सुरू करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि बसायला जागा. गावात पार असायचा, घराला ओटा असायचा, कोकणात पडवी, गोव्यात दारापुढचा दगडी बाकांचा बलकांव. रस्ता बघत बसणं, येणाऱ्याजाणाऱ्याला "काय, कुठं निघालात?" विचारणं, याची सोय घर बांधतानाच केलेली असे. आमच्या उपनगरातल्या इमारतींना खाली फक्त पार्किंग आहे. पदपथ फेरीवाल्यांनी आणि स्कूटरींनी भरलेले, बाक असलाच तर पाठ नसलेला, भर उन्हात. स्त्रियांसाठी स्वच्छतागृह जवळ नसेल तर साठीची बाई घरून निघतानाच पाणी पीत नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे, राज्यात हजारो सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसलेले आजोबा मी तिथं बघते, आज्या फारशा दिसत नाहीत. त्यांना तिथवर यायला दुपार मोकळी नसते, आणि असली तर ग्रंथालयच पुष्कळदा दुपारी बंद असतं.

आमच्या इथं एक बाग आहे. सात कडुनिंब, एक मोठा वड, वडाखाली सिमेंटचा कट्टा. सकाळी अकराला तिला कुलूप लागतं ते चारला उघडतं. नेमकी तीच वेळ आमची. घरात जेवणं झालेली, मुलं शाळेत, सुना कामावर. मागच्या पौषात आम्ही आठ जणींनी मिळून अर्ज लिहिला, की दुपारी बाग उघडी ठेवावी, वाटल्यास फाटकाशी बसायची पाळी आम्ही लावून घेऊ. कार्यालयात तीन टेबलं फिरून पोचपावतीचा शिक्का घेतला. एका टेबलावरच्या मुलानं विचारलं, "पण आजी, दुपारी बागेत करणार काय?" मी म्हटलं, "बसणार." त्यानं ते नोंदवहीत लिहिलं नाही.

उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत, या वेळी मावशीही येणार आहेत. तोवर आम्ही बागेसमोरच्या बंद गिरणीच्या पायरीवर बसतो. साडेतीनला पायरीवर ऊन येतं, मग उठतो.